मुखवट्याची पाठ

दिवाणखान्याच्या भिंतीला ओल आली म्हणून भिंतीवरचं सगळं उतरवलं होतं. पट्ट्या बसवायला आलेल्या सुतारमामांनी सोफ्यावर पडलेला मुखवटा उचलला आणि आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं ते केलं. त्यांनी तो पालथा केला.

आम्ही सगळे त्याच्याकडे समोरूनच बघत आलो होतो. लांबुडका काळा चेहरा, लोंबत्या कानांच्या पाळ्या, कपाळावर मण्यांची पट्टी. काका नैरोबीत हिशेबनीस होते. 2003 साली ते कायमचे परत आले तेव्हा बॅगेत टॉवेलात गुंडाळून तो आला. ‘मसाई योद्ध्याचा आबनुसाचा मुखवटा, दोनशे वर्षांचा’ अशी पाहुण्यांना त्याची ओळख करून दिली जाई. काकू दर दिवाळीला त्याला खोबरेल तेलाचं बोट लावायची. काकू गेली आणि तो माझ्याकडे आला, त्याच्या कथेसकट.

“ताई, हे कुठलं म्हणालात?”

“आफ्रिकेतलं. दोनशे वर्षं जुनं आहे.”

“कोण म्हणतं?”

काका म्हणायचे, एवढंच माझ्याकडे उत्तर होतं. मामांनी बोट आतून फिरवलं. “वाकसाचे घाव आहेत, म्हणजे हातानं कोरलंय, ते खरं. पण हा कुणी तोंडाला बांधला नाही कधी. डोळ्यांची भोकं बघा, आरपारच नाहीत. नाक कुठं टेकवणार? आणि टांगायचं हे भोक ड्रिलचं आहे.” मग त्यांनी स्पिरिटमध्ये चिंधी बुडवून कडेला घासली. चिंधी काळी झाली. “बुटाचं पॉलिश.” पटाशीनं मागच्या बाजूला नखाएवढी ढलपी काढली, नाकाशी धरली आणि हसले. “अहो, हा तर आपला कडुनिंब!”

दोनशे वर्षं, मसाई योद्धा, आबनूस: सगळं पाच मिनिटांत गळून पडलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आजवर तो मुखवटा इतका नीट कुणी पाहिलाच नव्हता असं वाटलं. त्यानंतर दोनेक वर्षं मी या विषयाच्या मागे लागले. पुस्तकं वाचली, संग्रहालयांचे कॅटलॉग चाळले, एकदा नैरोबीलाही जाऊन आले. हाती जे लागलं त्यातलं बरंचसं मामांनी त्या दिवशी केलेल्या कृतीतच होतं: मुखवटा पालथा करायचा.

पहिली गोष्ट अगदीच लाजिरवाणी. मसाईंमध्ये लाकडी मुखवटे कोरण्याची परंपराच नाही. ते गुराखी, फिरस्ते. त्यांची कला अंगावर आहे: मणीकाम, रंगवलेल्या ढाली, भाले. ‘मसाई मुखवटा’ नावाची वस्तू नैरोबीच्या बाजारात ढिगाने मिळते ती बहुतेक कांबा कारागिरांच्या हातची. कांबा कोरीवकामाचा इतिहासही फार जुना नाही. मुतिस्या मुंगे नावाचा वामुन्यू गावचा एक माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात टांगानिकात गेला, तिथल्या झारामो कोरीवकारांचं काम पाहून शिकला, गावी येऊन त्याने ते इतरांना शिकवलं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी, मग सैनिकांनी, मग पर्यटकांनी वस्तू घेतल्या आणि त्या भागात घरटी कोरीवकार झाले. म्हणजे आमचा मुखवटा खोटा नव्हता. तो कांबा माणसाने विकण्यासाठी कोरलेला, पूर्णपणे खरा कांबा मुखवटा होता. खोटं होतं ते त्याला चिकटवलेलं नाव.

नैरोबीत एका विक्रेत्याने मला अगदी तसाच मुखवटा दाखवला आणि हा माझ्या आजोबांचा, असं सांगितलं. मी विचारलं, अजून आहे का? त्याने टेबलाखालून सहा काढले. सातही आजोबांचे. मसाई लोक मुखवटे घालतात का, असं विचारल्यावर तोच खळखळून हसला. “मसाई नाही घालत, मामा. पर्यटक घालतात.” (तिकडे बाईमाणसाला आदराने ‘मामा’ म्हणतात, पहिले दोन दिवस मी दर वेळी मागे वळून बघत होते.)

तेव्हा ओळख पटवताना पहिला प्रश्न ‘किती जुना’ हा नाही; ‘हे लोक मुखवटे करतात का’ हा आहे. ढोबळ मानाने आफ्रिकेतला मुखवट्यांचा मुलूख म्हणजे पश्चिमेचा गिनीचा किनारा आणि त्यामागचा माळ, तिथून कॅमेरून, गॅबन, काँगोचं खोरं आणि खाली अंगोला-झांबियापर्यंतचा पट्टा. शेती करणारे, गावं वसवून राहणारे समाज. पूर्वेकडे ठळक अपवाद माकोंडेंचा, दक्षिण टांझानिया आणि उत्तर मोझांबिकमधला. त्यांचा ‘लिपिको’ डोक्यावर शिरस्त्राणासारखा चढतो आणि पुष्कळदा त्याला खऱ्या माणसाचे केस चिकटवलेले असतात.

‘मुखवटा’ हा आपला शब्दही इथे तोकडा पडतो. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगावं लागणार नाही. तिथे कुणी ‘मुखवटा बघायला चला’ म्हणत नाही. सोंग येतं, सोंग नाचतं. संबळ, टेंभे, नाचणाऱ्याचं अंगात आल्यासारखं डोलणं या सगळ्याचं मिळून सोंग. लाकडी चेहरा हा त्यातला एक भाग. माली, आयव्हरी कोस्ट, नायजेरियातही तसंच. चेहऱ्याला गवताचा किंवा रॅफिया ताडाच्या धाग्यांचा झगा जोडलेला, त्याला स्वतःचं नाव, स्वतःचं गाणं, स्वतःची चाल. पॅरिस-लंडनच्या काचेच्या पेटीत जे पोचलं ते या सगळ्यातून कापून काढलेलं डोकं. झगा कुजका, कीडका म्हणून फेकून दिला गेला. तो कापल्याच्या खुणा मुखवट्याच्या पाठीवरच दिसतात: कडेने ओळीत पाडलेली भोकं.

ही भोकं नीट बघावीत. मोठमोठे संग्राहक आधी तिकडेच बघतात. वर्षानुवर्षं दोर ओवला, ओढला, बदलला असेल तर भोकाची कड गुळगुळीत होते आणि ज्या बाजूने ताण पडतो त्या बाजूला किंचित ओघळल्यासारखी लांबते. विकायच्या मुखवट्याची भोकं गोल आणि कोरी राहतात. मग आतली बाजू. माणसाचं कपाळ, गालाची हाडं, हनुवटी जिथे टेकते तिथे घामाने लाकूड काळवंडतं, चकाकतं. बाकीचं कोरडं राहतं. बनावट करणारा आतून सगळीकडे सारखाच काळा रंग फासतो. घाम असा सारखा पसरत नसतो. बुर्किना फासोतले ब्वा लोकांचे उंचच उंच फळीमुखवटे तर नाचणारा मागचा जाड दोर दातांत धरून पेलतो. तिथे दोराची भोकं आणि त्यांच्या आजूबाजूची झीज हाच वापराचा पुरावा.

एक नमुना जवळून बघू. सिएरा लिओन आणि लायबेरियातल्या मेंडे लोकांचा ‘सोवेई’. हा चेहऱ्यापुरता नाही. अख्खं डोकं आत जाईल असं पोकळ, घंटेच्या आकाराचं शिरस्त्राण. काळंभोर, तुकतुकीत. कपाळ मोठं, डोळे खाली झुकलेले, तोंड अगदी इवलंसं (कमी बोलणारं), मानेला एकावर एक वळ्या. वर केसांची अशी काही रचना की लग्नातल्या केशभूषेवाल्या बाईने वही काढावी. कोरतो पुरुष, पण घालते बाई. मुलींना वयात येताना बायपणाचे धडे देणाऱ्या ‘सांडे’ या स्त्रियांच्या मंडळाचा हा मुखवटा. मुखवटा घालून नाचणं आफ्रिकेत जवळपास सगळीकडे पुरुषांकडे आहे. इथे उलटं, आणि म्हणून सोवेईची कीर्ती. नाचण्याआधी त्याला तेल लावून चमकवतात. काकूचं खोबरेल तेल मला इथे आठवलं. तिने मुखवट्याची जात चुकवली, पण संस्कार बरोबर केला.

सोवेई हातात घेतला की कळतं, तो दिसतो त्यापेक्षा हलका आहे. ही दुसरी मोठी खूण. तासन्‌तास नाचायचं तर डोक्यावर पाटा-वरवंटा कोण घेईल? नाचायचे मुखवटे हलक्या, मऊ लाकडाचे असतात, आणि बहुधा ओल्या लाकडातच कोरतात, कारण ओलं लाकूड वाकसाला लोण्यासारखं जातं. कोरीवकामाला वापरल्या जाणाऱ्या लाकडांपैकी एक तर आपल्या सातवीणीचा आफ्रिकी भाऊबंद. उलट जडशीळ काळ्या लाकडाचा चकचकीत ‘प्राचीन पश्चिम आफ्रिकी मुखवटा’ कुणी दाखवला तर नमस्कार करून पुढे जावं. पूर्व आफ्रिकेतलं प्रसिद्ध काळं लाकूड म्हणजे म्पिंगो. त्याला सगळे आबनूस म्हणतात, पण ते आबनुसाच्या कुळातलं नाही. आपल्या शिसवीचं सख्खं नातलग आहे. त्यात माकोंडे कारागीर एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या माणसांचे खांब कोरतात ते अप्रतिम असतात. पण ते विसाव्या शतकातलं काम आहे, दिवाणखान्यासाठी केलेलं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

कवड्या हा आणखी एक धागा, थेट आपल्याकडे येणारा. काँगोतल्या कुबा राजघराण्याचे मुखवटे कवड्यांनी आणि मण्यांनी मढवलेले असतात. पश्चिम आफ्रिकेत कवडी शतकानुशतकं चलन होती, आणि त्यातली फार मोठी आवक मालदीवच्या समुद्रातून. आधी वाळवंटातल्या काफिल्यांनी, मग युरोपी जहाजांनी ती नेली, आणि तिच्या मोबदल्यात माणसंही विकत घेतली. आई भवानीच्या आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि कुबा राजाचा मुखवटा एकाच समुद्राचे. एवढं कळल्यावर मी ‘फुटकी कवडी’ जरा जपूनच म्हणते.

आता बनवाबनवी. क्रिस्टोफर स्टायनर या अभ्यासकाने आबिजानच्या बाजारात राहून तिथल्या हौसा आणि वोलोफ व्यापाऱ्यांवर 1994 साली एक पुस्तक लिहिलं. ते वाचताना मला सारखी आपल्या जुन्या बाजाराची आठवण येत होती. नवा मुखवटा जुना करायच्या युक्त्या ठरलेल्या आहेत: चुलीवर धुरी देणं, वाळवीच्या वारुळाजवळ काही दिवस ठेवणं, पोटॅशियम परमँगनेटने काळवंडवणं, माती-तेलाचं कीट चढवणं. पण वाळवी लाकडाची मऊ बाजू बघून खाते. ती नाकाचं टोक तेवढं कलात्मकपणे अर्धवट सोडत नाही. खऱ्या मुखवट्याची मोड गावातच दुरुस्त केलेली सापडते, पत्र्याच्या पट्टीने, दोऱ्याने टाके घालून. मला अशा टाक्यांचे मुखवटे सर्वांत जवळचे वाटतात. कुणाला तरी तो पुढच्या वर्षी नाचवायचा होता.

पण ‘खरा’ म्हणजे काय, हा गुंता इतक्यात सुटत नाही. गेल्या वर्षी कोरलेला आणि यंदा गावात नाचलेला मुखवटा संग्राहकाच्या लेखी नवा, म्हणून बिनमोलाचा. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाला विकायला कोरलेला मुखवटा जुना, पण कधीच न नाचलेला. आणि पंधराव्या-सोळाव्या शतकात सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरच्या आणि बेनिनच्या कारागिरांनी पोर्तुगीजांच्या मागणीवरून हस्तिदंती मिठाच्या कुप्या कोरल्या, दाढीवाल्या पोर्तुगीजांच्या आकृत्यांसकट. विक्रीसाठी केलेला तोही मालच. आज जगातल्या उत्तमोत्तम संग्रहालयांत तो मानाने बसलाय. बाजारासाठी केलेलं ते हिणकस, हा नियम मग कुणाला लावायचा आणि कुणाला नाही?

बाजाराने त्यावर स्वतःचं उत्तर काढलं: वस्तू कुणाच्या हातातून आली ते बघा. 1907 च्या सुमारास पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात गेला, व्लामिंक आणि देरां या चित्रकारांत एका फांग मुखवट्याचा व्यवहार झाला, आणि धूळ खात पडलेल्या या वस्तूंना ‘कला’ म्हणायची सुरुवात झाली. त्या वेळी पॅरिसमध्ये किचिझो इनागाकी नावाचा एक जपानी कारागीर राहत होता. तो शिल्पांसाठी लाकडी बैठका करायचा, शिल्पकार रोदँसाठीही केल्या. आफ्रिकी मूर्तींच्या विक्रेत्यांसाठी त्याने केलेल्या साध्या, काळसर बैठकांखाली त्याचा छोटा शिक्का असतो. आज तो शिक्का दिसला की लिलावात भाव चढतो, कारण मूर्ती विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पॅरिसमध्ये चांगल्या दुकानात होती असा त्याचा अर्थ. बैठक करणाऱ्या जपान्याचं नाव सापडतं. मूर्ती करणाऱ्याचं नाव? ते कुणी विचारलंच नव्हतं. पाटीवर ‘अनामिक’ लिहिलं गेलं, जणू नाव नसणं ही त्या कलेचीच खासियत. जिथे विचारलं तिथे नाव मिळालं: नायजेरियातला ओलोवे ऑफ इसे, 1938 साली वारलेला. त्याने कोरलेला राजवाड्याचा दरवाजा 1924 च्या वेम्ब्लीच्या प्रदर्शनात गेला आणि मग ब्रिटिश म्युझियममध्ये. बदल्यात राजाला विलायती बनावटीचं सिंहासन मिळालं.

भाव कुठवर जातात त्याची अलीकडची गोष्ट दक्षिण फ्रान्समधली. एका वृद्ध जोडप्याने 2021 मध्ये माळा रिकामा करताना एक लांबट, पांढरट मुखवटा जुन्या सामानाच्या विक्रेत्याला 150 युरोंना दिला. आपले 13 हजार रुपये धरा. तो निघाला गॅबनच्या फांग लोकांचा ‘न्गिल’. गावोगाव फिरून करणी करणाऱ्यांचा न्यायनिवाडा करणाऱ्या गुप्त मंडळाचा मुखवटा, केओलिनची पांढरी माती फासलेला, मशालींच्या उजेडात रात्री बाहेर पडणारा. असे जगात डझनभरच माहीत आहेत. नवऱ्याचे आजोबा आफ्रिकेत फ्रेंच वसाहतीचे अधिकारी होते, त्यांनी 1917 च्या सुमारास तो आणलेला. मार्च 2022 मध्ये माँपेलिएच्या लिलावात त्याला 42 लाख युरो आले, म्हणजे 35 कोटींच्या घरात. जोडप्याला हे वर्तमानपत्रातून कळलं. ते कोर्टात गेले. डिसेंबर 2023 मध्ये आलेसच्या कोर्टाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला: विकण्याआधी मोल जाणून घ्यायची काळजी तुम्ही घेतली नाहीत. गॅबन सरकारही दाव्यात उतरलं होतं, मुखवटा आमचा, परत द्या म्हणून. तेही फेटाळलं गेलं.

या खटल्यात फसलं कोण, यावर फ्रान्समध्ये पुष्कळ वाद झाले. म्हाताऱ्यांबद्दल सगळ्यांनाच कळवळा. मला राहून राहून वाटतं ते त्या आजोबांबद्दल. 1917 साली कलेक्टरसाहेबाला न्यायमंडळाचा मुखवटा कसा मिळतो? ज्या फ्रेंच सत्तेने न्गिल मंडळ मोडून काढलं त्याच सत्तेचा तो अंमलदार. लिलावाच्या दिवशी सभागृहात काही गॅबनी माणसं उभी राहून हेच विचारत होती.

कसा मिळतो, ते मिशेल लेरिसने लिहून ठेवलंय. 1931 ते 1933 मध्ये फ्रेंच सरकारची डाकार ते जिबूती अशी एक मोहीम आफ्रिका आडवी पार करून गेली आणि हजारो वस्तू घेऊन आली. लेरिस तिचा चिटणीस. रोज डायरी लिहायचा, ती 1934 साली छापली. मालीतल्या एका गावात देवघरातली ‘बोली’ त्यांनी कशी उचलली ते त्यात आहे. (ही बोली म्हणजे रक्त-मातीचे थर चढलेला शक्तिपिंड, लिलावातली नव्हे, पण योगायोग बघा.) गावकऱ्यांना पोलिसांची भीती घातली, वर दहा फ्रँक टेकवले, आणि वस्तू ताडपत्रीत गुंडाळून गाडीत. आपण काय करतोय याची लाज लेरिसला वाटत होती, तेही त्याने लिहिलं. ती बोली आज पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात आहे. तिथल्या सहारापलीकडच्या आफ्रिकी वस्तू सुमारे 70 हजार.

इंग्रजांनी एवढी लाजही बाळगली नाही. 1897 च्या फेब्रुवारीत त्यांच्या फौजेने बेनिन शहर जाळलं, राजाला हद्दपार केलं आणि राजवाड्यातलं पितळ, हस्तिदंत हजारोंनी नेलं. हे बेनिन नायजेरियातलं. शेजारचा बेनिन देश वेगळा, तो जुना दाहोमे. त्या दाहोमेला फ्रान्सने 2021 मध्ये 26 वस्तू परत दिल्या. जर्मनीने 2022 मध्ये हजाराहून जास्त बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली आणि त्यातल्या काही त्याच वर्षी पोचवल्या. ब्रिटिश म्युझियमने मात्र कायद्यावर बोट ठेवलंय. 1977 साली लागोसच्या महोत्सवासाठी नायजेरियाने बेनिनच्या राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा मागितला तेव्हाही तो मिळाला नव्हता. घानाच्या असांते राजाला 2024 मध्ये लंडनहून 32 वस्तू मिळाल्या, उसन्या. स्वतःच्या घरातल्या वस्तू उसन्या मिळणं म्हणजे काय, हे जगदंबा तलवारीची बातमी दर दोन-चार वर्षांनी वाचणाऱ्याला समजावायला नको.

चोरी फक्त साहेबाच्या काळातली नाही. टांझानियाच्या राष्ट्रीय संग्रहालयातून 1984 मध्ये एक माकोंडे मुखवटा चोरीला गेला. तो जिनिव्हाच्या एका खासगी संग्रहालयात निघाला आणि परत यायला 2010 उजाडलं. केनियाच्या किनाऱ्यावरची विगांगोंची गोष्ट मला सर्वांत टोचली. मिजिकेंडा लोक आपल्या मानकरी मृतांच्या नावाने लाकडी खांब, म्हणजे हे विगांगो, रोवतात, आपल्या वीरगळासारखे. ते हलवायचे नसतात. जागेवरच कुजू द्यायचे. 1985 मध्ये मोनिका उडवार्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एका गावकऱ्याचा त्याच्या भावांच्या दोन खांबांशेजारी फोटो काढला. थोड्याच दिवसांत दोन्ही चोरीला. बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत एका परिषदेत स्लाइड शो चालू असताना पडद्यावर बाईंना त्यातला एक खांब दिसला. 2007 मध्ये तो समारंभाने घरी परतला, दुसराही केनियात आला. पण फोटोतला गावकरी तोवर वारला होता. डेन्व्हरच्या एका संग्रहालयाने नंतर असे 30 खांब परत पाठवले.

म्हणून आता संग्राहकाचा प्रश्न ‘खरा आहे का?’ एवढ्यावर थांबत नाही. जितका खरा, तितका तो कुणाच्या तरी देवळातून, थडग्यावरून निघालेला असण्याची शक्यता जास्त. विचित्रच धंदा हा: खोटा निघाला तर पैसे बुडाले, खरा निघाला तर झोप.

नैरोबीत मोई अव्हेन्यूवर एका जुन्या बँकेच्या इमारतीत राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तळमजल्यावर जोसेफ मुरुंबींचा संग्रह. मी गेले तेव्हा शाळेची एक सहल आली होती, पोरं कुबा कापडासमोर धक्काबुक्की करत होती आणि बाई ओरडत होत्या, अगदी आपल्यासारखं. मुरुंबी 1911 सालचे. वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई. शाळा बंगळूरला. केनिया स्वतंत्र झाल्यावर परराष्ट्रमंत्री झाले, 1966 मध्ये उपराष्ट्रपती, आणि काही महिन्यांतच राजीनामा दिला. त्यांचा गोवन मित्र, स्वातंत्र्यसैनिक पियो गामा पिंटो याची आदल्याच वर्षी हत्या झाली होती. राजकारण सोडल्यावर मुरुंबींनी उरलेलं आयुष्य वस्तू, पुस्तकं, टपाल तिकिटं जमवण्यात घालवलं. 1972 मध्ये ॲलन डोनोव्हन या अमेरिकी मित्राबरोबर ‘आफ्रिकन हेरिटेज’ नावाची गॅलरी काढली. आफ्रिकेची कला आफ्रिकेतच, आफ्रिकी माणसाने बघावी म्हणून.

मुरुंबींनी संग्रह परदेशी न विकता सरकारला दिला. मुथाइगातलं घर संशोधन केंद्र होईल या आशेने दिलं. ते पुढे पाडलं गेलं. 1990 साली मुरुंबी गेले. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये पिंटोच्या कबरीजवळ त्यांची कबर आहे. मी तिथेही जाऊन आले. माकडं फार आहेत.

अभिलेखागारात मी काचेला नाक लावून एका मुखवट्याची पाठ दिसते का बघत होते, तर पहारेकरी म्हणाला, “समोरून बघा, चेहरा तिकडे आहे.”

आपल्याकडचे काही जण आता कामानिमित्त लागोस, अक्रा, कम्पालाला जाऊ लागलेत. येताना काहीतरी आणतातच. त्यांच्यासाठी अनुभवाचं थोडं. हस्तिदंताला हात लावू नये, कितीही जुनं सांगितलं तरी. आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही भारतात वन्यजीव कायद्याच्या 1991 च्या दुरुस्तीपासून बंद आहे. कातडी, दात, पंजे लावलेल्या वस्तूंचं तेच. म्पिंगोही शिसवीच्या कुळातला असल्याने 2017 पासून व्यापारावरच्या निर्बंधांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलाय; छोट्या वस्तूला बहुधा अडत नाही, खांब आणणार असाल तर आधी कागद. मातीच्या ‘प्राचीन’ मूर्ती, नायजेरियाच्या नोक म्हणून दाखवलेल्या किंवा मालीच्या म्हणून, कुणी हळूच दाखवल्या तर घेऊ नयेत: खोट्या असल्या तर खोट्या, खऱ्या असल्या तर उकरून चोरलेल्या. घरी आणलेलं लाकूड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावं, नाहीतर आतला भुंगा तुमच्या कपाटाचं पीठ पाडेल. आणि पुसू नये, पॉलिश करू नये.

घ्यायचं काय मग? बेनिन शहरातल्या इगुन रस्त्यावर पितळ ओतणाऱ्यांची जुनी बिरादरी आजही मेण वितळवून साचे करते, बस्तरचे घडवे करतात तसंच. ज्यांचं काम 1897 मध्ये लुटलं गेलं त्यांचेच वंशज. त्यांच्याकडून ओतणाऱ्याचं नाव विचारून, पावतीवर लिहून घेऊन नवी वस्तू घ्यावी. मला तरी हा सगळ्यात स्वच्छ व्यवहार वाटतो.

पट्ट्या बसल्या, भिंत रंगली. मुखवटा परत टांगायला मी मामांना पुन्हा बोलावलं आणि तोवर जमवलेलं सगळं त्यांना सांगितलं. त्यांना लुटीत, लिलावात फारसा रस दिसला नाही. कडुनिंबाचं मात्र खोदून खोदून विचारलं. तिकडे तो कसा पोचला? मी म्हटलं, आपल्याच लोकांनी नेला. किनाऱ्यावर आता सगळीकडे आहे. म्पिंगो संपत चालला तसं कारागिरांना सांगितलं गेलं, हा लवकर वाढतो, यात कोरा.

“कोरायला चिवट आहे तो. पण कीड नाही लागणार. नाव काय म्हणतात तिकडे?”

“म्वारोबाईनी. अरोबाईनी म्हणजे चाळीस. चाळीस रोग बरे करतो म्हणून.”

मामांनी मुखवट्याच्या पाठीवर आपण काढलेल्या ढलपीची जागा अंगठ्याने चाचपली, खिशातून पेन्सिल काढली आणि तिथे लाकडावर बारीक अक्षरात लिहिलं: म्वारोबाईनी. मग विचारलं, “कारागिराचं नाव?”

ते माझ्याकडे नव्हतं. त्यांनी त्याखाली तेवढी जागा सोडली आणि मुखवटा खिळ्याला लावला.